घरापासून दूर पाठवलेली मुले

२०१३ च्या ऑक्टोबर महिन्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ब्रिस्बेन लायन्स या क्लबमधून पाच तरुण खेळाडू एकापाठोपाठ एक बाहेर पडले. सॅम डॉकर्टी, जॅरेड पोलेक, इलियट यो, बिली लाँगर आणि पॅट्रिक कार्नेझिस ही त्यांची नावे. त्यांपैकी तिघांना लायन्सने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत घेतले होते, म्हणजे ज्यांच्या भरवशावर पुढची दहा वर्षे काढायची अशी ही मुले होती. यो पर्थचा, तो पर्थच्या वेस्ट कोस्टकडे गेला; पोलेक ॲडलेडचा, तो पोर्ट ॲडलेडकडे; उरलेले तिघे व्हिक्टोरिया राज्यातले, त्यांनी मेलबर्नचे क्लब गाठले. वर्तमानपत्रांनी त्यांचे 'गो होम फाइव्ह', म्हणजे घरी परतणारे पाच, असे बारसे केले आणि त्या नावात थोडी हेटाळणीही होती, जणू आईचा पदर न सुटलेली पाच पोरे मैदान सोडून पळाली होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये संघ कसा उभा राहतो, हा विषय निघाला की चर्चा नेहमी कोणाला निवडले यावर होते. मला मात्र त्या पाच जणांची आठवण होते, कारण निवडलेल्या मुलाला तिथे राहावेसे का वाटावे, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी ब्रिस्बेनकडे नव्हते.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता ब्रिस्बेनच्या पश्चिमेला स्प्रिंगफील्ड भागात राहतो. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी शाहू स्टेडियमवर बसून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे संघ निवडायचा नसतो, त्यात जन्माला यायचे असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे पेठांशी आणि घराण्यांशी बांधलेली असतात, आणि एखाद्या चांगल्या खेळाडूने तालीम बदलली तर त्याची चर्चा गल्लीत पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत पुरते. अशा गावातून आलेल्या माणसाला इथली पद्धत पहिल्यांदा समजली तेव्हा ती काहीशी निर्दय वाटली. नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट होतो. त्या वर्षी अठरा पूर्ण करणारी, नाव नोंदवलेली मुले घरी दिवाणखान्यात किंवा समारंभाच्या सभागृहात बसलेली असतात, आणि ज्या क्लबने नाव पुकारले त्या क्लबच्या गावी त्यांना जावे लागते. आपल्याकडच्या आयपीएलच्या लिलावात निदान पैशाची बोली तरी लागते. इथे बोली नाही, मुलाची पसंतीही विचारली जात नाही. वॉरनम्बूलजवळच्या गावातला मुलगा दोन हजार किलोमीटरवरच्या उष्ण, दमट शहरात जातो, जिथे बहुतेक लोक रग्बी लीग पाहतात आणि त्याचा खेळ नेमका काय आहे हेही अनेकांना सांगता येत नाही.

या व्यवस्थेमागे कारण आहे आणि ते पटण्यासारखे आहे. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग ही मुळात मेलबर्न आणि परिसरातल्या क्लबांची स्पर्धा होती. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा क्लब सिडनीला हलला, १९८७ मध्ये वेस्ट कोस्ट ईगल्स आणि ब्रिस्बेन बेअर्स (आजच्या लायन्सचा पूर्वज) सामील झाले, आणि १९९० मध्ये लीगने 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' असे नाव घेतले. दरम्यान कित्येक क्लब कर्जात बुडालेले होते आणि ज्याच्याकडे पैसा तो चांगले खेळाडू पळवत होता. म्हणून १९८६ मध्ये राष्ट्रीय ड्राफ्ट सुरू झाला, लगोलग पगारावर कमाल मर्यादा आली, आणि तळाच्या संघाला निवडीचा पहिला मान मिळू लागला. आज अठरा क्लब आहेत, प्रत्येकाकडे चाळीसच्या वर खेळाडूंची लिस्ट आहे, आणि कोणत्याही क्लबला केवळ श्रीमंतीच्या बळावर पुढे जाता येत नाही. क्लबांमधली ही समानता मला मनापासून आवडते. फक्त तिची किंमत कोण मोजतो हे विसरले जाते: ती किंमत अठरा वर्षांचा मुलगा मोजतो आणि त्याच्या घरचे मोजतात.

लायन्सची कथा समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षे त्यांनी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकली होती. मोठ्या संघांचे होते तसेच यांचेही झाले. ती पिढी एकत्र म्हातारी झाली आणि मागे कोणी तयार नव्हते. २००९ मध्ये मायकल व्हॉस या जुन्या कर्णधाराच्या प्रशिक्षणाखाली संघ पुन्हा बाद फेरीत पोहोचला आणि तिथे एक सामनाही जिंकला, तेव्हा कोणाला तरी वाटले की एक मोठा खेळाडू आणला की काम फत्ते. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ब्रेंडन फेव्होला कार्ल्टन क्लबला नकोसा झाला होता. त्याच्यासाठी लायन्सने लॅची हेंडरसन हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधला पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क दिला. त्या सौद्याच्या बोलण्यात आपले नाव आल्याने दुखावलेला डॅनियल ब्रॅडशॉ हा अनुभवी आक्रमक सिडनीला निघून गेला. फेव्होला एकच हंगाम खेळला आणि पुढचा सुरू होण्याआधी क्लबने त्याला काढून टाकले. वाईट सौदे सगळेच करतात. या सौद्याने मात्र ड्रेसिंगरूममधल्या बाकीच्यांना काय सांगितले ते महत्त्वाचे आहे. इथे आज तुमची गरज आहे, उद्या तुम्ही सुटे पैसे आहात. अशा ठिकाणी कोणता विशीतला मुलगा घर विसरून रमेल?

पाच जण गेल्यावरही गळती थांबली नाही. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला जेम्स एश दोन वर्षांत गेला, २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला जॉश शाकी तितक्याच काळात व्हिक्टोरियाला परतला. तळाला राहायचे, त्याबद्दल चांगली निवड मिळवायची, त्या निवडीतून आलेला मुलगा शिकवून तयार करायचा आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्याच्या हवाली करायचा, अशा चक्रात क्लब सापडला. ज्या व्यवस्थेने दुबळ्यांना वर काढायचे, तीच व्यवस्था ब्रिस्बेनच्या बाबतीत गळक्या माठात पाणी ओतत होती.

२०१६ च्या अखेरीस क्रिस फॅगन मुख्य प्रशिक्षक म्हणून आला. हा टास्मानियाचा माणूस, कधीकाळी शाळेत शिकवणारा, आणि सर्वोच्च लीगमध्ये स्वतः एकही सामना न खेळलेला. इथे हे फार दुर्मीळ आहे. हॉथॉर्न क्लबमध्ये ॲलिस्टर क्लार्कसनच्या हाताखाली त्याने खेळाडू घडवण्याचे काम वर्षानुवर्षे पाहिले होते. पहिल्या वर्षी, २०१७ मध्ये, त्याचा संघ अठरावा, म्हणजे सर्वांत शेवटचा आला. २०१८ ची सुरुवात तर सलग आठ पराभवांनी झाली. तरीही क्लब हलला नाही, प्रशिक्षकाला बदलले नाही, आणि त्याहून विशेष म्हणजे मुलेही हलली नाहीत.

का हलली नाहीत याचे एक उत्तर मला २०१६ च्या ड्राफ्टच्या यादीत दिसते. त्या रात्री लायन्सने तिसऱ्या क्रमांकावर ह्यू मक्लगेज घेतला, सतराव्यावर जॅरॉड बेरी आणि चोविसाव्यावर सेड्रिक कॉक्स. हे तिघेही नॉर्थ बॅलराट रेबल्स या एकाच अठरा वर्षांखालच्या संघातून आलेले. हा हिशेब होता की योगायोग हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण अनोळखी शहरात पहिल्या रात्री झोपायला जाताना शेजारच्या खोलीत आपल्याच संघातला गडी असणे म्हणजे काय, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही कळेल. पुढे २०१८ मध्ये बेरीचा धाकटा भाऊ टॉम यालाही लायन्सने ड्राफ्टमधून आणले. कॉक्स फार काळ टिकला नाही, टॉमही नंतर गोल्ड कोस्टकडे गेला. निव्वळ खेळाच्या तराजूत तोलले तर या दोन निवडी फसल्या असेच कोणीही म्हणेल. मला तो तराजू अपुरा वाटतो. मक्लगेज आणि जॅरॉड बेरी ब्रिस्बेनचेच झाले, आणि त्या राहण्यात बाकी दोघांचा वाटा किती हे मोजण्याचे साधन कोणाकडे नाही.

दुसरे उत्तर म्हणजे ल्यूक हॉज. हॉथॉर्नला चार प्रीमियरशिप मिळवून देणाऱ्या संघांचा हा खंदा बचावपटू निवृत्ती जाहीर करून बसला होता. फॅगनने त्याला २०१८ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ब्रिस्बेनला बोलावले. आता त्याच्याकडून वेगाची अपेक्षा कोणीच करत नव्हते. तो मैदानावर उभा राहून विशीतल्या बचावपटूंना सतत सांगत असे की दोन पावले मागे ये, त्याच्या डावीकडे उभा राहा, चेंडूकडे नको, माणसाकडे बघ. फूटीचे, म्हणजे या खेळाचे, मैदान क्रिकेटच्या मैदानाएवढे, किंबहुना तेच असते; एका बाजूला अठरा खेळाडू आणि ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे कोण कुठे उभा आहे यातच अर्धा खेळ असतो. बाहेर फळ्यावर शिकवलेले आणि मैदानावर श्वास फुललेला असताना कानात ओरडून सांगितलेले यांत फरक आहे. हॅरिस अँड्र्यूजचा बचाव आज लीगमध्ये उत्तम मानला जातो, त्यात त्या दोन हंगामांची पुण्याई आहे असे मी धरून चालतो.

अँड्र्यूजवरून ड्राफ्टच्या क्रमांकांबद्दल बोलायला हवे. तो २०१४ च्या ड्राफ्टमध्ये एकसष्टावा होता. त्याच्याबरोबर पुढे कर्णधारपद वाटून घेणारा लॅची नील हा साउथ ऑस्ट्रेलियातल्या किबिबोलाइट या खेड्यातला, त्याला फ्रीमँटलने २०११ मध्ये अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर घेतले होते, कारण तो बुटका होता आणि फारसा वेगवानही नव्हता. हाच नील २०२० आणि २०२३ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक जिंकून गेला. लायन्सने त्याला २०१८ च्या अखेरीस फ्रीमँटलकडून मिळवताना पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या, आणि त्याआधी एक वर्ष ॲडलेडच्या चार्ली कॅमरनसाठी बारावा क्रमांक. कॅमरनही मुळात रुकी, म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला मुलगा. अठराव्या वर्षी माणसाचे शरीर आणि डोके पुढे कुठवर जाईल हे सांगता येत नाही, आणि शास्त्रशुद्ध चाचण्यांचे कितीही तक्ते मांडले तरी ती अटकळच राहते. फेव्होलाच्या सौद्यात आणि या दोन सौद्यांत फरक इतकाच की या वेळी आधी तरुणांची फळी तयार होती आणि मग तिच्या वर थोडे अनुभवी खेळाडू चढवले गेले.

खेळाडू घडवणे हा शब्दप्रयोग भारदस्त आहे, प्रत्यक्षात ते काम फार कंटाळवाणे दिसते. लायन्सचे सरावाचे ठिकाण २०२२ पासून आमच्या स्प्रिंगफील्डमध्येच आहे. एका हिवाळी सकाळी सराव संपून सगळे आत गेले होते आणि कुंपणाच्या आत एक किडकिडीत उंच मुलगा आणि एक साहाय्यक प्रशिक्षक एवढेच उरले होते. मुलगा उजव्या पायाचा असावा, कारण त्याला डाव्या पायाने किक मारायला लावले होते. अंडाकृती चेंडू उभा धरायचा, पावलावर सोडायचा आणि तो उलट्या दिशेने गिरक्या घेत सरळ जायला हवा. त्याचा चेंडू दर वेळी डगमगत, तिरका होऊन पडायचा. प्रशिक्षक पायाबद्दल चकार शब्द काढत नव्हता. तो फक्त मुलाच्या डाव्या हाताकडे बोट दाखवत होता. चेंडू सोडणारा हात जरा वर जात होता आणि त्यामुळे चेंडू पावलावर पडेपर्यंत कलत होता. हात खाली, आणखी खाली, पुन्हा. मी दुकानातून दूध घेऊन परत येईपर्यंत त्यांचे तेच चालले होते. या मुलाचे नाव कदाचित कधीच कोणाला कळणार नाही. दर वर्षी प्रत्येक क्लब आपल्या लिस्टमधून काही जणांना मोकळे करतो, आणि त्यांच्यासाठी त्या सकाळचा उपयोग एवढाच उरतो की एखाद्या गावच्या संघात त्यांना दोन्ही पायांनी किक मारता येते.

घडवण्याच्या कामाला एक काळी बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. मुलगा घरापासून दूर असला की क्लब आपोआप आईबापांच्या जागी येतो. तो काय खातो, कोणाबरोबर राहतो, कोणाशी बोलतो यात लक्ष घालू लागतो. २०२२ मध्ये हॉथॉर्नच्या जुन्या काळातल्या काही आदिवासी खेळाडूंनी आणि त्यांच्या कुटुंबांनी आरोप केले की क्लबने त्यांच्या खासगी आयुष्यात नको तितका हस्तक्षेप केला. त्यात फॅगनचेही नाव होते. त्याने आरोप नाकारले आणि २०२३ मध्ये लीगने कोणावरही ठपका न ठेवता चौकशी संपवली. त्यात निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या घरांनी आपली मुले दूर पाठवली त्यांचे दुखणे ऐकून घ्यायला इतकी वर्षे लागावीत, हे मला या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या त्याच जुन्या प्रश्नाचे लक्षण वाटते.

मैदानावर मात्र लायन्सना वाट पाहावी लागली. २०१९ मध्ये ते गुणतक्त्यात दुसरे आले आणि बाद फेरीत लागोपाठ दोन सामने हरले. २०२० मध्ये महामारीमुळे ग्रँड फायनल पहिल्यांदाच व्हिक्टोरियाबाहेर, थेट लायन्सच्या गॅबा मैदानावर आली, आणि लायन्स तिथेच उपांत्य सामन्यात जीलाँगकडून हरल्यामुळे स्वतःच्या अंगणातले लग्न त्यांना कुंपणाबाहेरून पाहावे लागले. (त्यानंतर तीनच महिन्यांनी याच गॅबावर अजिंक्य रहाणेच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवले, त्यामुळे आमच्यासारख्यांचे दुःख अल्पजीवी ठरले हे कबूल करायला हवे.) २०२१ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जकडून एका गुणाने हार, २०२२ मध्ये पुन्हा जीलाँगकडून धुलाई, २०२३ च्या ग्रँड फायनलमध्ये कॉलिंगवूडकडून चार गुणांनी हार. दुसऱ्या एखाद्या शहरात एवढ्यात प्रशिक्षकाचा बळी गेला असता. इथे तोच गाभा राहिला, आणि २०२४ मध्ये पाचव्या स्थानावरून येऊन, एका बाद सामन्यात चव्वेचाळीस गुणांची पिछाडी भरून काढून, ग्रँड फायनलमध्ये त्यांनी सिडनीला साठ गुणांनी हरवले. तेव्हा फॅगन ६३ वर्षांचा होता. इतक्या वयाचा प्रशिक्षक आधी कधी प्रीमियरशिप जिंकला नव्हता. २०२५ मध्ये जीलाँगला सत्तेचाळीस गुणांनी हरवून त्यांनी ती राखली.

त्या विजयांपैकी २०२४ च्या संघातली एक जागा मला फार बोलकी वाटते. ऑस्कर मॅकइनर्नी हा लायन्सचा उंचापुरा रकमन, चेंडू वर उडवला की उडी मारून तो आपल्यांकडे टोलवणारा. त्यालाही लायन्सने २०१६ च्या अखेरीस झालेल्या रुकी ड्राफ्टमधून, मेलबर्नच्या दुय्यम फुटबॉलमधून उचलून, अनेक वर्षे खपून घडवले होते. उपांत्य सामन्यात त्याचा खांदा निखळला. ग्रँड फायनलमध्ये त्याच्या जागी डार्सी फोर्ट खेळला, जो त्या हंगामात बहुतेक वेळ राखीव संघात होता. लिस्टमधला चाळिसावा माणूस कशासाठी पोसायचा, असे विचारणाऱ्यांना त्या दुपारी उत्तर मिळाले.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. दोन्ही ग्रँड फायनलमध्ये सामनावीराचे नॉर्म स्मिथ पदक विल ॲशक्रॉफ्टला मिळाले. त्याचे वडील मार्कस ॲशक्रॉफ्ट ब्रिस्बेनसाठी ३१८ सामने खेळले आणि त्या तीनही जुन्या प्रीमियरशिपमध्ये होते. एखाद्या क्लबसाठी शंभर सामने खेळलेल्या खेळाडूच्या मुलाला त्या क्लबने इतरांआधी घ्यावे, असा पितापुत्राचा नियम इथे आहे. विल मेलबर्नमध्ये वाढलेला, तरी त्याने वडिलांचा क्लब निवडला. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर दुसऱ्या एका क्लबने त्याचे नाव घेतले (याला इथे बोली म्हणतात, पण ती पैशाची नसते) आणि लायन्सने आपल्या मागच्या निवडींना ठरवून दिलेले गुण एकत्र करून ती जुळवली. जॅस्पा फ्लेचरही त्याच वर्षी त्याच वाटेने आला आणि २०२४ मध्ये विलचा भाऊ लेव्हायही. त्यात उत्तरेकडच्या चार क्लबांना मिळालेल्या अकादमींची भर. स्थानिक मुलगा अकादमीत तयार केला की त्यावर पहिला हक्क त्या क्लबचा. अँड्र्यूज आणि एरिक हिपवूड तिथलेच. व्हिक्टोरियातले क्लब म्हणतात की ही सरळसरळ सवलत आहे, विजेत्यांना दुसऱ्या क्रमांकाची मुले स्वस्तात मिळतात, आणि समानतेचा पाया खचतो. लीगनेही अलीकडे ही जुळवणी महाग केली आहे.

तक्रारीत तथ्य आहे, आणि तरीही माझे मत अकादमीच्या बाजूने झुकते. मी पेठेतल्या तालमीच्या संस्कारात वाढलेला, त्यामुळे या बाबतीत माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. पण २०१३ ची गळती पाहिलेल्या क्लबने काय करायला हवे होते? ज्या मुलाचे घरच ब्रिस्बेनमध्ये आहे तो घरी परतण्यासाठी ब्रिस्बेन सोडणार नाही, इतका साधा हा हिशेब आहे. मेलबर्नमधल्या क्लबांना ही चिंता कधी करावी लागली नाही, कारण सगळ्यात जास्त मुले त्यांच्याच दारात जन्मतात. आणि त्या पाच जणांचे काय झाले तेही पाहावे. यो २०१८ मध्ये वेस्ट कोस्टबरोबर प्रीमियरशिप जिंकला, डॉकर्टी कार्ल्टनचा सहकर्णधार झाला. त्यांच्यात खोट नव्हती.

हाच प्रश्न आता नव्याने उभा राहणार आहे. २०२८ मध्ये टास्मानिया डेव्हिल्स हा एकोणिसावा क्लब लीगमध्ये उतरेल. टास्मानियाने पिढ्यान्पिढ्या आपली मुले मेलबर्नला पाठवली. पीटर हडसन, रॉइस हार्ट, मॅथ्यू रिचर्डसन, जॅक रिवोल्ट हे सगळे तिथले, आणि त्यांची कीर्ती झाली ती हॉथॉर्न आणि रिचमंडच्या नावावर. आता पहिल्यांदाच पर्थची, ॲडलेडची, बॅलराटची अठरा वर्षांची मुले होबार्टला जातील, जिथे थंडी जास्त आणि ओळखीचे कोणी नाही. नव्या क्लबला ड्राफ्टमध्ये भरपूर वरचे क्रमांक मिळतील, पण त्या क्रमांकांचे करायचे काय हे ठरवणाऱ्यांनी आधी आणखी एक यादी करावी असे मला वाटते: अशा मुलांची यादी, ज्यांच्याबरोबर त्याच गावचा, त्याच संघातला आणखी एखादा गडी आणता येईल, मग तो चोविसाव्या क्रमांकाच्या लायकीचा असो वा नसो.